वाढीव खोलीला काच किती?

प्रश्न : नेरूळच्या आमच्या रो-हाऊसमागे १२ बाय १५ फुटांची खोली वाढवतोय. पश्चिमेची अख्खी भिंत काचेची केली तर चालेल?

उत्तर : करू नका. दुपारनंतरचं ऊन तिरपं आत येतं, छज्जा ते अडवत नाही; पडदा लावला तरी काच तापतेच. दमट हवेसाठी राष्ट्रीय बांधकाम संहिता खोलीच्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश उघडणारी खिडकी सांगते. तुमच्या १८० चौरस फुटांना ३० चौरस फूट झाली. दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते, म्हणून ६० चौरस फुटांची घ्यावी लागेल; बिजागरीवर पूर्ण उघडणारी असेल तर ३० पुरतात. शक्यतो ती उत्तरेला किंवा दक्षिणेला, वर दोन फुटी छज्जा. जमिनीपर्यंत काच हवीच असेल तर टफन्ड (उष्णतेची प्रक्रिया करून मजबूत केलेली) घ्या. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकमधलं पाणी बाहेर जायची भोकं तपासा. ती बुजली की जुलैत पाणी घरात. महापालिकेची परवानगी आधी, खिडकी बनवणारा फॅब्रिकेटर नंतर.