मोठ्या खंडानंतर पहाटेचं पोहणं पुन्हा कसं सुरू करावं?

पूर्वी तुम्ही रोज सकाळी न थांबता किलोमीटरभर पोहायचात. आता दोन वर्षांनी पाण्यात उतरलात तर हात-पाय नीट चालतात, पण दोन फेऱ्यांतच धाप लागते. पूर्वीसारखं पुन्हा जमेल का, हा तुमचा प्रश्न. जमेल. मीही मोठ्या खंडानंतर परतलो आहे, म्हणून खात्रीने सांगतो. फक्त काय आधी परत येतं आणि काय उशिरा, हे माहीत असायला हवं.

व्यायाम थांबला की सगळ्यात आधी दमसास उतरतो. पहिल्या काही आठवड्यांतच रक्तातला द्रव कमी होतो, हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त पुढे जातं आणि तेवढ्याच कामाला जास्त ठोके लागतात. स्नायूंची ताकद त्यापेक्षा सावकाश घटते. हात मारण्याची लय तर वर्षानुवर्षं टिकते, म्हणून तुम्हाला पहिल्याच दिवशी पाणी ओळखीचं वाटलं. परतताना दम तसा लवकर साथ देऊ लागतो. सगळ्यात मागे राहतात ते खांदे. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे भार पेलायला त्या फार हळू तयार होतात.

मला सगळ्यात काळजी वाटते ती याच टप्प्याची. महिनाभराने दम पुरू लागतो, लय तर आहेच, आणि माणूस एकदम जुन्या अंतराला हात घालतो. हिशेब करून बघा: २५ मीटरच्या तलावात एका फेरीला २० हात पडत असतील, तर किलोमीटरला ८०० हात होतात, म्हणजे प्रत्येक खांदा ४०० वेळा डोक्यावरून फिरतो. म्हणून सुरुवातीला सगळं फ्रीस्टाइल नको. मधेमधे ब्रेस्टस्ट्रोक, बॅकस्ट्रोक घ्या, प्रत्येक फेरीनंतर काठाला थांबा आणि वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर या. अजून पोहावंसं वाटत असतानाच बाहेर आलेलं चांगलं.

आता धापेबद्दल. दम कमी झालाय हे खरंच, पण खंडानंतर श्वासाची सवयही बिघडते. चेहरा पाण्यात असताना आपण श्वास कोंडून धरतो आणि मान वळवल्यावर त्या क्षणभरात सोडायचा आणि घ्यायचाही प्रयत्न करतो. आत साचलेला कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर पडत नाही, आणि जीव घाबरा होतो तो मुख्यतः त्यामुळेच. तोंड पाण्यात गेलं की लगेच नाका-तोंडातून बुडबुडे सोडत राहा. वर आल्यावर फक्त श्वास घ्यायचा. पहिल्या आठवड्यात एवढ्या एकाच गोष्टीकडे लक्ष दिलंत तरी फेऱ्या सोप्या वाटतील. आणि एक कळकळीने सांगतो: दम वाढवायचा म्हणून भराभर खोल श्वास घेऊन पाण्याखाली लांब जाण्याचा प्रयोग कधीही करू नका. त्याने श्वास घ्यायची ओढच उशिरा लागते आणि कसलीही सूचना न मिळता शुद्ध हरपू शकते. पट्टीचे पोहणारेही यात बुडाले आहेत.

पहाटेची वेळ असल्यामुळे आणखी एक. रात्रीच्या शेवटच्या प्रहरात शरीराचं तापमान सर्वांत कमी असतं, त्यामुळे उठल्या उठल्या सांधे आखडलेले असतात. त्यात पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. २७ अंशांची हवा सुखद वाटते, तेवढंच पाणी पहिल्यांदा गारच लागतं. काठावर पाच-सात मिनिटं हात फिरवून घ्या आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्या अगदी संथ काढा. त्या जड गेल्या म्हणून आजचा दिवस वाईट, असं ठरवू नका. मला तर पूर्वी नियमित पोहतानाही त्या जडच जायच्या.

नेम बसवायचा तर माझ्या मते रोजचा हट्ट सोडावा. आठवड्यातले तीन ठरलेले दिवस, एकाआड एक. झोप अपुरी झाली असेल तरी त्या दिवशी जा, दहाच मिनिटं पाण्यात राहा. मी सुरुवातीचे काही आठवडे अंतर आणि वेळ मोजणंच बंद ठेवलं होतं. जुन्या आकड्यांशी तुलना थांबली आणि पहाटे उठणं हलकं झालं.

पुढे वाढवताना एका वेळी एकच गोष्ट वाढवा: फेऱ्या तरी, नाहीतर वेग. पोहून झाल्यावर दोन्ही दंड सारखेच दुखत असतील आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोकळे होत असतील तर चिंता नको. हात वर नेताना खांद्याच्या पुढच्या बाजूला चमक येत असेल, तर मात्र हात मारणं थांबवा. अशा वेळी लोक किकबोर्ड, म्हणजे हातांत धरायची तरंगती फळी, घेतात, पण हात पुढे ताणलेले राहिल्याने दुखऱ्या खांद्याला तोही जड जातो. त्यापेक्षा उताणं होऊन, हात बाजूला ठेवून नुसते पाय मारा. चमक टिकून राहिली तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. खंड आजारपणामुळे किंवा शस्त्रक्रियेमुळे पडला असेल, किंवा हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास असेल, तर पुन्हा उतरण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

किलोमीटरचं म्हणाल, तर आठवड्यातून तीन दिवस टिकले की दोन-तीन महिन्यांत मधेमधे थांबत ते पुरं व्हायला हरकत नाही. सलग पोहण्याची घाई मात्र खांद्यांना विचारूनच करा.