जिवाणूंची वीज आणि लेकीची नोकरी

नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यात फिटर असलेल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी टी.वाय. बी.एस्सी.ला, विषय मायक्रोबायोलॉजी. वीज तयार करणारे जिवाणू शोधायचे, असं तिनं मनावर घेतलंय. ‘शेणातून गॅस निघतो हे ठाऊक आहे, पण बॅक्टेरियातून लाइट? यात नोकरी लागेल, की सरळ बी.एड.ला घालू?’ असं ते विचारतात.

भाऊ, पोरीचं हे खूळ नाही. पॉटर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १९११ सालीच यीस्ट आणि जिवाणूंपासून वीज मिळवून दाखवली होती. पुढे अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या गाळात जिओबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. हा हवा नसलेल्या चिखलात राहतो, सेंद्रिय पदार्थ खातो आणि त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन गंजासारख्या लोहसंयुगांना देऊन टाकतो. तिथे कार्बनचा इलेक्ट्रोड, म्हणजे तारेला जोडलेली कांडी, ठेवला की तेच इलेक्ट्रॉन तारेतून वाहू लागतात.

आता हिशेब, तो तुम्हाला लगेच कळेल. लहान डब्यातला असा सेल हजार ओहमच्या रेझिस्टरवर ०.४ व्होल्ट देत असेल, तर वीज होते ०.१६ मिलिवॅट. नऊ वॅटचा एक बल्ब लावायला असे छप्पन हजार डबे! म्हणून ‘घराला वीज पुरवणार’ या आशेनं या विषयात जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खरा उपयोग सांडपाण्यात आहे. नेहमीच्या ईटीपीत, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमध्ये, हवा सोडणारे ब्लोअरच भरपूर वीज खातात. हे जिवाणू हवेशिवाय घाण संपवतात. पाणी किती घाण आहे ते करंटवरून सांगणारे सेन्सरही यावर बनतात. आपल्याकडे द्राक्षांच्या हंगामात वाइनरीतून साखर आणि अल्कोहोल असलेलं पाणी निघतं, म्हणजे अभ्यासाला माल घराजवळच आहे.

तिला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट यावरच करू द्या, पण जस्ताचा खिळा आणि तांब्याची तार घेऊन नको. असे प्रयोग दाखवणाऱ्या व्हिडिओंमधली वीज मुख्यतः जस्त झिजून येते, जिवाणूंचा त्यात फारसा हात नसतो. दोन्ही इलेक्ट्रोड कार्बनचेच हवेत, आणि शेजारी ऑटोक्लेव्ह केलेल्या, म्हणजे दाबाच्या वाफेनं जिवाणू मारलेल्या, गाळाचा दुसरा डबा हवाच. त्या डब्यातही मल्टिमीटर तेवढाच आकडा दाखवू लागला, तर ही वीज जिवाणूंची नाही, हे परीक्षकाच्या आधी तिनंच समजून घ्यावं.

नोकरीचं म्हणाल तर फक्त बी.एस्सी.वर हे काम मिळणार नाही. एम.एस्सी. लागेल. त्यासाठी आयआयटी जॅम या प्रवेश परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर किंवा गॅट-बी ही बायोटेक्नॉलॉजीची प्रवेश परीक्षा द्यावी. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली, तर पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स आहेत. अशा ठिकाणी उन्हाळ्यात इंटर्नशिप मिळते का, ते तिनं स्वतः ईमेल करून विचारावं. संशोधन नाहीच जमलं, तरी एम.एस्सी. मायक्रोला फार्मा, फूड आणि सांडपाण्याच्या लॅबमध्ये काम असतं. पगार सुरुवातीला बेताचाच, हे धरून चाला.

मुलीला एकच विचारा: फिजिकल केमिस्ट्रीतलं इलेक्ट्रोकेमिस्ट्री आवडतं का? मायक्रोची बरीच मुलं तिथंच अडतात. ती ‘हो’ म्हणाली, तर जॅमचा फॉर्म भरायला लावा. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं.