बाबांना ध्यान शिकवायचं का, आणि केमो सोडून काढा द्यायचा का

तुम्ही लिहिलंय की बाबांचा फुफ्फुसाचा कॅन्सर चौथ्या स्टेजला आहे, घरी आणलंय, दम लागतो, रात्री घाबरतात, आणि नातेवाईक म्हणतायत केमो सोडा, गुळवेलीचा काढा द्या, ध्यान शिकवा. मी सदाशिव पेठेतल्या घरी सासूबाईंचं चौदा महिने केलं, त्यांनाही हाच कॅन्सर होता, म्हणून सांगते.

काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या पेशंटची नोंद प्रसिद्ध केली होती, आणि केमोची बरीचशी औषधं लिव्हरमधूनच जातात. भस्म वगैरे काही चालू असेल तर पुडीसकट डॉक्टरांना दाखवा. आमच्याकडे लपवलं होतं, फडताळात मागे पुड्या, रिपोर्ट बिघडल्यावर कळलं आणि केमो पुढे ढकलावी लागली.

ध्यान जरूर करा, पण आधी दुखणं आणि दम आटोक्यात आणा, कळा येणाऱ्या माणसाला मन शांत ठेव म्हणणं ही शिक्षा आहे हो. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (म्हणजे दुखणं, दम असा त्रास कमी करणारी काळजी) सेंटर आहे, १९९७ पासून, पैसे घेत नाहीत, आणि तिथे गेलो म्हणजे आशा सोडली असं नाही, पॅलिएटिव्ह केअर केमोच्या जोडीनेही चालते. डॉक्टरांनी मॉर्फिन दिलं तर घाबरू नका, दुखण्याला आणि दमाला दोन्हीला देतात, फक्त पोट साफ व्हायचं औषध सोबत हवंच.

माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता जे जाणवतंय त्याकडे लक्ष देण्याच्या ध्यानाचा, कोर्स जॉन काबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला सुरू केला तो जुन्या दुखण्याच्या पेशंटसाठी, उपचारांच्या जोडीला, उपचार बंद करून नाही. त्यात श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतात, आणि इथेच आम्ही चुकलो. सासूबाई श्वासाकडे बघायला लागल्या की जास्तच घाबरायच्या, कारण त्यांचा त्रासच तिथे होता. मग लक्ष तळपायांवर नेलं. काशाच्या वाटीने तूप लावून तळवे हलक्या हाताने घासायचे आणि त्या डोळे उघडे ठेवून नुसतं सांगायच्या, आता टाचेला गार लागतंय, आता बोटांना. पाच मिनिटं, बस. त्यानंतर बरेचदा झोप लागायची. (एकच पाय सुजून दुखत असेल तर चोळू नका, रक्ताची गुठळी असू शकते, लगेच दाखवा.)

नाम घ्यायला आवाज पुरायचा नाही, मग मी विठ्ठल विठ्ठल म्हणायचे आणि त्या ओठ हलवायच्या. बाबांना देवाचं नको असेल तर जुनी गाणी लावा, त्यांच्या आवडीचं काहीही चालेल.

आणि भेटायला येणाऱ्यांचं 'मन खंबीर ठेवा, बरे व्हाल' हे बंद करा. सासूबाईंनी एकदा विचारलं, माझंच मन कच्चं म्हणून हा वाढतोय का गं? त्यानंतर मी ते वाक्य घरात कोणाला बोलू दिलं नाही.

आज रात्री पाठीमागे उशा लावून त्यांना अर्धवट बसवा, छोटा पंखा गाल आणि नाकाच्या दिशेने लावा, चेहऱ्यावर वारा लागला की दम कमी वाटतो. ब्युरोच्या मावशी असल्या तरी तळवे तुम्ही स्वतः चोळा. ओठ निळे पडले किंवा बोलताना वाक्य पुरं होईना तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.