३८ टक्के हाइक, हातात ११ हजार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात प्रॉडक्ट मॅनेजर, सात वर्षांचा अनुभव, सीटीसी (कंपनी वर्षाला तुमच्यावर करते तो एकूण खर्च) २६ लाख, वाकडला स्वतःचा फ्लॅट आणि त्याचा हप्ता चालू. बेंगळुरूच्या कंपनीनं ३६ लाखांची ऑफर दिलीय, आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जावं लागेल. एचआरच्या बाई म्हणतात, "३८ टक्के हाइक देतोय, अजून काय हवं?" आणि तुम्हाला धाकधूक आहे की जास्त मागितलं तर ऑफरच हातची जाईल.

आधी त्या ३८ टक्क्यांची चिरफाड करू. तुम्ही ब्रेकअप, म्हणजे आकड्याची फोड, दिलात ते बरं केलंत, बहुतेक जण नुसता एक आकडा फेकून 'चांगला आहे का' विचारतात. ३६ पैकी ४ लाख व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारे, नक्की नसलेले. ३ लाखांचे इसॉप्स (ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क), म्हणजे १२ लाखांचे चार वर्षांत वाटून. २ लाख जॉइनिंग बोनस, तो पुढच्या वर्षी नसणार. बेसिक १२ लाख, त्यामुळे कंपनीचा पीएफ १ लाख ४४ हजार. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ५७ हजार ७००च्या आसपास, आणि तीही पाच वर्षं टिकलात तर. बाकी १८ हजार मेडिकल इन्शुरन्सचे. हे सगळं वजा जाता राहिले वर्षाचे २४ लाख ८० हजार. सध्याच्या २६ मधूनही व्हेरिएबलचे २ लाख, पीएफ आणि ग्रॅच्युइटी काढा, साडेबावीस उरतात.

म्हणजे वाढ १० टक्के. महिन्याला १९ हजार. त्यातून प्राप्तिकराच्या नव्या रेजीमच्या २५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससह पाच हजार गेले, बेसिक वाढल्यामुळे तुमच्या स्वतःच्या पीएफची कपात ९ हजारांवरून १२ हजारांवर गेली (ते पैसे तुमचेच, पण हातात नाहीत). राहिले ११ हजार. आणि एवढ्यात तुम्ही वाकडचं घर सोडून बेंगळुरूत भाड्यानं राहणार. तिथलं डिपॉझिट आपल्यासारखं दोन-तीन महिन्यांचं नसतं, पाच-सहा महिन्यांचं सहज मागतात, जुन्या पद्धतीचे मालक दहाचंही.

त्यामुळे टक्क्यांवर वाद घालूच नका. टक्केवारी सोयीची कुणाला? एचआरला. कारण ती तुमच्या जुन्या पगारावर काढलेली असते, नव्या कामावर नाही. बोलायचं ते फक्त फिक्स्डवर, म्हणजे दरमहा नक्की मिळणाऱ्या पगारावर. आणि जुना पगार फुगवून सांगायच्या भानगडीत पडू नका. तीन महिन्यांच्या पेस्लिप आणि फॉर्म १६ मागतातच.

आता खरी गोष्ट, जी तुम्ही विचारलेलीच नाही. ऑफर कुठल्या लेव्हलला आहे? पत्रात नुसतं 'प्रॉडक्ट मॅनेजर' आहे की 'सिनियर'? मोठ्या कंपन्यांत प्रत्येक लेव्हलला पगाराचा एक बँड असतो, कमीत कमी इतका ते जास्तीत जास्त इतका. एचआर त्या बँडच्या आत आकडा सरकवू शकते, बाहेर जायचं तर वरून मंजुरी लागते. तुम्ही बँडच्या टोकाला असाल तर एचआरशी कितीही गोड बोलून दोन लाखही सुटणार नाहीत. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: "या लेव्हलचा बँड कुठपर्यंत जातो आणि मी त्यात कुठे बसतो?" आकडा सांगणार नाहीत कदाचित, पण 'वरच्या बाजूला' एवढं तरी कळतं.

वरच्या बाजूला असाल तर एचआरला सोडा, हायरिंग मॅनेजरला, म्हणजे ज्याच्या टीममध्ये जाणार त्याला, अर्धा तास मागा. लेव्हल तोच बदलून आणू शकतो. तिथे 'मी अमुक फीचर लाँच केलं' उपयोगाचं नाही, फीचर सगळेच लाँच करतात. तुम्ही लिहिलंय की केवायसी अर्धवट सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण तुम्ही निम्म्यावर आणलं. तेच सांगा, पण निर्णय म्हणून सांगा: कुठली पायरी काढून टाकली, कंप्लायन्सवाल्यांनी अडवलं तेव्हा काय केलं, कशाला नाही म्हणालात. सिनियर की नाही हे त्यावरून ठरतं.

ऑफर जाईल का? पाच-सहा राउंड घेऊन, कमिटीची मंजुरी घेऊन हातात पत्र दिल्यावर एकदा नीट विचारलं म्हणून ऑफर मागे घेतलेली मी तरी माझ्या ओळखीत पाहिली नाही. उलट भीती त्यांनाच जास्त. तुमचा नोटीस पिरियड ९० दिवस. त्या तीन महिन्यांत तुम्ही दुसरी ऑफर घेऊन गायब व्हाल, ही एचआरची रोजची डोकेदुखी. ते वैतागतात हप्त्याहप्त्यानं मागणाऱ्यावर: सोमवारी फिक्स्ड, बुधवारी बोनस, शुक्रवारी घरून काम. सगळं एकदाच, एकाच मेलमध्ये मांडा. आणि बदल्यात काहीतरी द्या: "फिक्स्ड २८ झालं आणि शिफ्टिंगचा खर्च मिळाला तर मी उद्याच सही करून पाठवतो."

मी स्वतः २०१७ मध्ये काय केलं ते सांगतो. पगार ठरवायला फोन आला तेव्हा मी चांदणी चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेलो. मी १८ लाख म्हणालो. पलीकडे शांतता. वायपर कर्रकर्र वाजत होते, मागून पीएमपीचा हॉर्न, आणि ती शांतता काही मला सोसेना. मीच म्हणालो, "म्हणजे थोडं कमी असलं तरी चालेल." साडेसोळावर आलो. नंतर त्याच टीममधल्या मित्रानं सांगितलं, ती रिक्रूटर गप्प होती कारण आकडा टाइप करत होती.

त्याच नोकरीत इसॉप्सही मिळाले होते. पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर शून्य, हे माहीत होतं. सोडल्यावर ९० दिवसांत एक्सरसाइज करायचे, म्हणजे पैसे भरून शेअर घ्यायचे, हे कुणी बोललं नव्हतं आणि मी वाचलं नव्हतं. एक्सरसाइज प्राइस भरायची, वर त्या दिवशीच्या किमतीतल्या फरकावर पगारासारखा कर. शेअर अनलिस्टेड, म्हणजे बाजारात नोंद नसलेले, विकायचे कुणाला? सोडून दिले. तेव्हा तुमच्या १२ लाखांबद्दल विचारा: शेअर किती, एक्सरसाइज प्राइस काय, कंपनी सोडल्यावर मुदत किती. यातलं काहीच सांगत नसतील तर ते ३ लाख शून्य धरून हिशेब करा. लिस्टेड कंपनीचे आरएसयू (किंमत न भरता मिळणारे शेअर) असते तर गोष्ट वेगळी होती.

जॉइनिंग बोनसचं कलमही बघा. वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यायचा असतो, आणि बऱ्याच पत्रांत कर कापण्याआधीची पूर्ण रक्कम लिहिलेली असते.

फिक्स्ड अजिबात हलत नसेल तर बायआउट मागा, म्हणजे नोटीस पूर्ण न करता निघाल्याचे पैसे नव्या कंपनीनं भरायचे. त्यांना तुम्ही लवकर हवे आहात, त्यामुळे हा पैसा तुलनेनं सहज सुटतो. फक्त आधी सध्याच्या कंपनीचं अपॉइंटमेंट लेटर काढून बघा, नोटीसची वसुली बेसिकवर आहे की ग्रॉसवर, म्हणजे पूर्ण मासिक पगारावर. तीनपैकी दोन महिन्यांचे तुमचे बेसिकनं दीड लाख होतात, ग्रॉसनं पावणेचार. आणि सुधारित ऑफर लेटर मेलवर आल्याशिवाय राजीनामा टाकू नका, फोनवर 'हो झालं' म्हटलं तरी.