मधमाशी डसली की पिकल्या केळीसारखा वास येतो तो कशाचा, आणि त्याने माश्यांच्या शिकण्यावर परिणाम होतो का?

वास अगदी खरा आहे. डसल्यावर नांगी कातडीतच अडकते आणि तिच्यातून आयसोअमिल अॅसिटेट हवेत पसरतं. पिकल्या केळीच्या वासातही हेच द्रव्य असतं. मधमाशीत ते १९६२ साली ओळखलं गेलं. बाकीच्या माश्यांसाठी त्याचा अर्थ एकच, 'धोका इथे आहे, या!' आम्ही रावेरकडे लिंबाच्या बागेत पेट्या ठेवतो, पण पेटी उघडायच्या आधी केळी खात नाही. नांगी लागलीच तर नखाने पटकन खरवडून काढा आणि त्या जागी धूर द्या, म्हणजे वास दबतो.

आता शिकण्याचं. एखादा वास देऊन लगेच साखरपाणी चाटवलं, तर माशी दोन-तीन वेळांतच शिकते. मग नुसत्या वासानेही सोंड बाहेर काढते. पण आधी हा धोक्याचा वास मिळाला असेल तर तेच शिकणं मंदावतं. घर राखायच्या वेळी फुलांचा हिशोब मागे पडतो, असं मला वाटतं.

राणीचा प्रकार मला सगळ्यात विलक्षण वाटतो. तिच्या गंधातला एक घटक रचनेने डोपामाइनसारखा, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणाऱ्या एका रसायनासारखा आहे. २००७ च्या प्रयोगात राणीचा गंध मिळालेल्या कोवळ्या कामकरी माश्या, दुसऱ्या एखाद्या वासासोबत विजेचा सौम्य झटका बसूनही तो वास टाळायला शिकल्या नाहीत. गोड गोष्ट मात्र त्या नेहमीसारखीच शिकल्या! राणीची सेवा या कोवळ्या माश्याच करतात, त्यामुळे तिच्याबद्दल वाईट आठवण त्यांच्यात रुजत नसावी. पुढे चारा आणायला बाहेर पडणाऱ्या मोठ्या माश्यांवर हा परिणाम दिसत नाही.