टाळ्या उशिरा पडल्या म्हणून हिरमुसू नकोस

फ्रेंच संगीतकार देब्युसीची ‘बुडालेलं कॅथेड्रल’ ही पियानो रचना तू वाजवून संपवलीस आणि क्षणभर कुणी हललंच नाही, म्हणून तू घाबरलीस ना? अगं, तीच दाद. शेवटचे स्वर पुरते विरेपर्यंत पेडल (स्वर लांबवणारी पायपट्टी) धरून ठेव आणि हात उचलायची घाई करू नकोस. तू हललीस की लोक हलतात.

आणखी एक. वाजवण्याआधी नाव सांगत बसू नकोस. १९१० साली छापलेल्या प्रेल्यूडच्या, म्हणजे छोट्या पियानो रचनांच्या, पहिल्या पुस्तकात (ही रचना त्यातलीच) देब्युसीने नावं प्रत्येक रचनेच्या शेवटी, कंसात, टिंबं देऊन टाकली आहेत. आधी ऐका, मग नाव. मी एकदा तसं केलं, तर एक काका म्हणाले, “उजनीचं पाणी उतरल्यावर पळसदेवचं देऊळ वर येतं, तसं वाटलं बघा.” ही रचना ज्यावरून सुचली, ती फ्रान्समधल्या ब्रिटनीतल्या बुडालेल्या ‘ईस’ नगरीची दंतकथा त्यांनी ऐकलेलीही नव्हती!

“छान वाजवलंस” याचा उपयोग शून्य. “मध्येच फार रेंगाळलीस” म्हणणाऱ्याला मात्र चहा पाज आणि नेमकं कुठे ते विचार. याच रचनेचा देब्युसीने स्वतः वाजवलेला पियानो रोल (वादन छिद्रांत नोंदवणारी कागदी गुंडाळी) आहे. त्यात काही भाग तो जवळपास दुप्पट लयीत घेतो, छापील पानावर तशी खूणच नाही. म्हणजे रेंगाळण्याची तक्रार करणारा कधीकधी बरोबर असतो.

“सगळं धूसर ऐकू आलं” असं कुणी म्हणालं, तर ते कौतुक समजू नकोस. बहुतेकदा पेडल बदललेलं, म्हणजे वेळेवर सोडून पुन्हा दाबलेलं, नसतं.