ती ते घर सोडत का नाही?

प्रिय लेखिकेस,
सस्नेह आशीर्वाद.

तुझ्या भयकादंबरीचा खर्डा काळजीपूर्वक वाचला. घटस्फोटानंतर मुलाला घेऊन पुण्यात भाड्याने राहणारी आणि नव्या गॅसकार्डावरचे स्वतःचे नाव पुन्हा पुन्हा वाचणारी तुझी नायिका मला मनापासून आवडली. परंतु मधल्या खोलीत रात्री कुणीतरी वावरते हे कळूनही ती तेथेच का राहते, याचे उत्तर मात्र खर्ड्यात मिळत नाही. भयकथेचा वाचक हा प्रश्न हमखास विचारतो आणि तू तिचा हट्टी स्वभाव पुढे करून तो टाळला आहेस.

‘मिस्टर काय करतात?’ असे विचारून दार लावून घेणारे घरमालक पाहून झाल्यावर, अनामत भरून, ११ महिन्यांचा करार नोंदवून आणि त्याच पत्त्यावर मुलाला शाळेत घातल्यावर, केवळ पावलांचे आवाज येतात म्हणून ती जाणार कुठे? त्याहून मोठी अडचण कायद्यात आहे आणि कादंबरीचा कणा मला तेथेच दिसतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ मधील कलम २६ नुसार मुलाच्या ताब्याचा आदेश घटस्फोटानंतरही बदलून मागता येतो. आपल्याला रात्री कुणीतरी दिसते, असे ती सख्ख्या आईजवळ जरी बोलली, तरी उद्या तेच वाक्य कौटुंबिक न्यायालयात तिच्या मानसिक स्थितीवर बोट ठेवण्यासाठी वापरले जाईल, ही धास्ती तिला त्या वावरापेक्षा मोठी वाटली पाहिजे. वडिलांना भेटायला गेलेला मुलगा आइस्क्रीम खाता खाता सहज सांगतो, ‘आमच्याकडे एक आजी राहते, ती झोपतच नाही’. हा प्रसंग तुझ्या साऱ्या किंकाळ्यांपेक्षा अंगावर येईल.

घटस्फोट तू पंधरवड्यात उरकला आहेस, तेही सुधार. परस्परसंमतीच्या अर्जाआधी किमान वर्षभर विभक्त राहावे लागते; त्यानंतरची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणी माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले असले, तरी ते वर्ष सहसा टळत नाही. माहेरच्या हॉलमध्ये काढलेल्या त्या दिवसांतच न बोलता सोसण्याची सवय तिला लागली असेल.

शेवटचा मांत्रिक आणि त्याला घेऊन येणारा कार्यालयातील सहृदय सहकारी, दोघांनाही काढून टाक. जिने इतके सगळे एकटीने उभे केले, तिला त्या मधल्या खोलीचे दारही स्वतःच उघडू दे. मुलाच्या त्या भेटीचे प्रकरण आधी लिही आणि तेवढेच मला पाठव. मी वाट पाहतो आहे.